सुधारित अहवाल

रुवीच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर
माझं काम आता फोन करायचं आहे.
रक्त काढणारी पोरं खाली बसतात,
रक्त वाचणारं मशीन तिकडे रुसैलला, गोदामांच्या रांगेत;
मी मधली. यादी घेऊन बसते.

यादीत ती माणसं, ज्यांना आम्ही कधीतरी कळवलं होतं
की तुमच्यात एक अक्षर वेगळं आहे
आणि त्याचा अर्थ आम्हाला लागत नाही.
छापूनच येतं तसं: अर्थ अनिश्चित.
तीन अब्ज अक्षरांत एक.
ज्या वहीशी ताडून बघतात
ती लांबच्या थंड देशांतल्या लोकांनी भरलेली,
तीत दाभोळ नाही, मकरान नाही,
कोट्टयम असेल एखाद्या समासात.
आपलं अक्षर दिसलं की वही भुवई उंचावते,
विमानतळावरच्या खिडकीतला माणूस उंचावतो तशी.

झुलेखा मुकादम, वय एकेचाळीस,
अल खुवैरला एका घरात स्वयंपाकाला.
आई छातीच्या गाठीनं गेली, मावशीही,
म्हणून मॅडमनेच पैसे भरून तपासणी करवली.
मॅडम चांगली. पण कागद आधी मॅडमने वाचला.

चार वर्षांपूर्वी समोरच्या खुर्चीत बसून तिनं विचारलं,
"म्हणजे कापायचं की ठेवायचं, ते सांग ना बाय."
मी म्हटलं, या कागदावरून काहीच कापायचं नाही,
दर वर्षी तपासत राहायचं.
"आणि पोरीला?"
पोरीला काय सांगायचं
त्याचा रकाना आमच्या फॉर्मवर नव्हता.
तिनं कागदाची चौघडी घातली, वर आणखी एक घातली,
कुर्त्याच्या आत सरकवली, जिथलं भय तिथेच,
आणि बस गाठायला गेली.

आता जुलै. डोंगर तव्यासारखे, एसीचं पाणी बादलीत.
संगणकावर तिची ओळ बदललीय:
निरुपद्रवी.
मधल्या काळात आमच्याकडच्या काही हजारांनी रक्त दिलं,
आणि तेच अक्षर निघालं एकशे अकरा धडधाकट माणसांत.
नावं नसतात तिथे, मी आपली मनाने घालते:
एक निवृत्त हेडमास्तरीण,
दोन सख्खे भाऊ, एकमेकांशी न बोलणारे,
ऐंशी उलटलेली एक बाई, अजून विळीवर बसून नारळ खवणारी.
एकटं होतं तेव्हा संशयित होतं,
गर्दीत सापडलं आणि सुटलं.

फोन लावला तर आधी अरबीत, मग इंग्रजीत,
हा क्रमांक सेवेत नाही.
निम्मी यादी अशीच. व्हिसा संपतो, नंबर दुसऱ्याला मिळतो.
परवा एका पोराने उचलला, म्हणाला, राँग नंबर,
आणि मग जरा थांबून, हळूच,
"माझ्यात काही निघालंय का?"

फॉर्मच्या तळाशी भावाचं नाव होतं, जेटीजवळ किराणा.
त्यानं नंबर दिला.

"कोण? मस्कतवाली?"
मागे कोंबड्या, मिक्सर, कुणाचं तरी खोकणं.
मी सांगितलं. दोनदा सांगितलं.
ती इतका वेळ गप्प की वाटलं, लाइन तुटली.
"म्हणजे तेव्हाही काय नव्हतंच."
नव्हतंच.
"घर बांधलं मी. खालचंच.
वरचा मजला नाय घातला. म्हटलं, चढायला असेन नसेन."

मग जे वाक्य आम्हाला लिहून दिलेलं आहे
ते मी वाचलं: आई-मावशीचं कारण
अजून सापडलेलं नाही, तपासणी चालू ठेवा.
ती हो हो म्हणाली. लक्ष तिचं छपरावर.
"सळ्या ठेवल्यात गं वर.
गवंडी म्हणत होता कापून टाकू, मी म्हटलं, राहू दे.
गंजल्यात जरा."

किती गंजल्यात, मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.
"थांब, बघून येते,"
म्हणाली, आणि फोन कट न करता ठेवला कुठेतरी.
मिनिटामागे बैसा पडत राहिले.
मी यादीतलं पुढचं नाव बघितलं नाही.
शिडी भिंतीला टेकल्याचा आवाज आला.