आवाज नसलेली शिट्टी

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,
इथपर्यंत अजून एका दमात जातं.
स्वारगेटहून सातारा कराडमार्गे
जाणारी गाडी... आणि इथे संपतो.
कोल्हापूर तोंडात उरतं
आणि त्याला बाहेर ढकलायला हवा नसते.

सहा वर्षं बोलतेय या काचेच्या खोलीतून.
एका श्वासात किती गावं बसतात हे पाठ होतं,
डब्यात पोळ्या किती बसतात तसं.
आता साताऱ्याला थांबते.
कधी तर नुसत्या शिरवळला,
जिथे ही गाडी थांबतही नाही.

एकदा माइक चालू राहिला
आणि अख्ख्या स्टँडने ऐकली माझी धाप.
नऊ नंबरच्या फलाटावर एक माणूस
उसाचा रस पिता पिता वर बघायला लागला,
कर्ण्याकडे, जणू कर्ण्यालाच काही झालंय.
नियंत्रक तांबोळी साहेब रजिस्टरमधून मान न काढता म्हणाले,
"कोल्हापूर मी म्हणतो, तू वाई म्हण."
वाई लहान आहे. ओठांतल्या ओठांत मावतं.

पाटसकर डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, रक्त तपासलं,
बोटाला चिमटा लावून आकडा बघितला. ठीक होता.
लोहाची गोळी मात्र वाढवली.
"बाळ वर सरकलंय. फुप्फुसांना बसायला जागा कमी.
नवव्यात खाली उतरेल, मग हलकं वाटेल.
पण बसल्या जागी एकदम दम कोंडला,
छातीत दुखलं, ओठ निळे पडले,
तर वाट बघायची नाही. सरळ निघून यायचं."
मी मान हलवली.
मला सगळं आमच्याच भाषेत ऐकू येत होतं:
पुढे सरका, पुढे जागा आहे,
आणि कोणी सरकत नाही.

घरी, दांडेकर पुलापाशी, तीन जिने.
पहिल्यावर चपलांचं कपाट, तिथे टेकते.
दुसऱ्यावर लोखंड्यांची सायकल,
तिच्या सीटवर हात ठेवून उभी राहते.
रोहिदास वरून विचारतो, आलीस का?
उत्तर तिसऱ्या मजल्यावर देते.
रात्री आडवी झाले की पोटातला ऐवज
छातीवर येऊन बसतो.
मग डाव्या कुशीवर, पाठीशी दोन उशा,
तेही जमलं नाही तर पर्वतीचे दिवे बघत
बसल्या बसल्याच झोपते,
साध्या लाल गाडीतल्या प्रवाशासारखी.

अनुसया वाईच्या गाडीवर कंडक्टर.
म्हणाली, "मी पाचव्यापर्यंत खंबाटकी चढले,
मग डेपोत खिडकीवर बसवलं."
पैशांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.
"खांदे सोड. हात असे पुढे टेकव.
नाकातून घे. घाई नाही, गाडी तुझीच आहे.
आता सोड हळूहळू, शिट्टी फुंकतो तसा,
पण शिट्टी वाजू द्यायची नाही."
आम्ही दोघी ओठांचा चंबू करून बसलो.
तांबोळी साहेबांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

आता मी गावांच्या मध्ये जागा सोडते.
सातारा.
कराड.
लोकांना वाटतं, वरून नवा नियम आलाय.
एक बाई खिडकीशी येऊन म्हणाली, बरं झालं,
आधी तुम्ही इतकं भरभर बोलायचात,
माझी दोनदा गाडी चुकली.

कधी ऐन घोषणेत तो लाथ मारतो, किंवा ती,
बरगडीच्या अगदी खालच्या दांडीवर,
डबल बेल.
मी बटणावरचं बोट उचलते.
एक सोडते. एक घेते.
बाहेर चालक इंजिन सुरू ठेवून बसलाय,
पाच-पंचवीस माणसं कर्ण्याकडे बघतायत,
कोल्हापूर यायचं आहे अजून.