घर चालवताना

निघण्याआधी डेल्मर गाडीभोवती फिरतो,
डावा हात पत्र्यावर ठेवून.
नजरेच्या मधोमध त्याला आता नुसता धुरकट डाग दिसतो,
म्हणून सहाही टायरांची चौकशी तो हातानंच करतो.
गॅसची तोटी बंद. पायरी आत. फ्रिजला कडी
(मागच्या खेपेला बीटच्या लोणच्याची बरणी
वळणावर फिरायला निघाली होती).
स्टिअरिंगपाशी पिवळ्या पट्टीवर त्याचं जुनं अक्षर:
उंची बारा फूट चार इंच.
खाली, दुसऱ्या शाईत: एसी धरून!

एकतीस वर्षं तो चालवायचा, मी नकाशा धरायची.
आणि लोक म्हणायचे, घर काय, आर्डिसच चालवते.
म्हणजे बिलं, धुणं, दोन मुलगे.
आता खरोखरच चालवते आहे:
पलंग, शेगडी, संडास, आठ ताटल्या, नवरा,
साडेनऊ हजार फुटांवरून खाली.

"दुसरा टाक. वळणाच्या आधी. वळणात नव्हे."
इंजिन गुरगुरतं. सगळं घर माझ्या पाठीला रेटतं.
खणात चमचे कुजबुजतात.
ब्रेक दाबायचा, सोडायचा,
त्यावर पाय रोवून बसायचं नाही.
(रोवून बसायची माझी सवय त्याला ठाऊक आहे.
तो काही बोलत नाही.)

आरशात लाल पिकअप, शेपटीला चिकटलेली.
हॉर्न. पुन्हा हॉर्न.
"कोण आहे?"
"घाईतला कुणीतरी."
"मग जाऊ दे. उतार आपला, घाई त्याची."
रुंद जागा दिसते तिथे मी कडेला घेते.
पिकअप सुसाट पुढे. खिडकीतून एक बोट, ताठ.
"हात केला का त्यानं?"
"केला," मी म्हणते.

पुढच्या वळणावर डेल्मर नाक वर करतो.
"तापले. थांबूया."
मला तर फक्त पाइनचा वास येत होता.

खाली कुठेतरी टेन स्लीप.
दहा रात्रींच्या वाटेवरचं म्हणून हे नाव पडलं म्हणतात.
आम्ही तासाभरात पोचू. दोन लागले तर दोन,
फक्त हरणं रस्त्यावर यायच्या आत.

तो उतरतो, पत्रा चाचपत मागच्या चाकाशी जातो.
"हे बघ," म्हणतो,
आणि माझा तळवा धरून लोखंडाजवळ नेतो,
शेगडीवर तवा तापला का बघतात तसा.
मी डोळे मिटते.

"अजून दहा मिनिटं," मी म्हणते.
"पंधरा," तो म्हणतो.