आउनेची बाकी

केमीयार्वीत नोव्हेंबरात
दुपारी दोनलाच दिवस आटोपतो.
सौनाच्या बाहेरच्या खोलीत, टॉवेलांच्या खुंट्यांखाली,
तैस्तोचा कॉम्प्युटर गुरगुरतोय अजून.
जानेवारीत त्यानं त्याला एक आकडा दिला,
फेब्रुवारीत स्वतः गेला.
यंत्राला कुणी कळवलं नाही.

आउने तिथे जाते मोजे वाळवायला.
यंत्राच्या पाठीशी हवा चांगली तापते.

आकडा म्हणजे काय, तर दोन.
दोनाला दोननं गुणत राहायचं,
दोन भरतील तेरा कोटींहून जास्त,
आणि शेवटी एक काढून घ्यायचा.
तो एक काढला की खरी मजा, तैस्तो म्हणायचा,
यंत्राच्या लिपीत मग ती दिसते
एक एक एक एक एक,
मधे एकही शून्य नाही,
तळ्याकाठच्या बर्चांसारखी.
बर्च मोजून कुणाचं घर तापलंय, आउने म्हणायची.

तिनं एकतीस वर्षं लगद्याच्या गिरणीत काटा सांभाळला.
भरला ट्रक वजा रिकामा ट्रक.
बाकी म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवू नये.

उन्हाळ्यात त्याच्या कोटात चिठ्ठी सापडली:
चारपासून सुरुवात. वर्ग कर. दोन वजा कर.
भाग दे, बाकी ठेव. पुन्हा.
शेवटी काहीच उरलं नाही, तर ती मूळ संख्या.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं
एकशेसत्तावीस घेतली, सात एकांची, लहानशी.
चाराचे चौदा.
चौदाचे एकशेचौऱ्याण्णव, भाग देऊन सदुसष्ट.
सदुसष्टांचे बेचाळीस,
बेचाळीसांचे एकशेअकरा,
आणि एकशेअकरांचं
काही नाही.
तिला वाटलं, हातचा विसरलो.
पुन्हा केलं.
काही नाही.
ती उठून खिडकीशी गेली, उगीचच.

मग अकरा एकांची, दोन हजार सत्तेचाळीस.
नऊ वेळा गिरवून उरले सतराशे छत्तीस.
म्हणजे ही फुटते.
कुठे फुटते, ते कागद सांगेना.
बटाटे सोलता सोलता तिसऱ्या दिवशी सापडलं,
तेवीस, आणि एकोणनव्वद.
साली तशाच राहिल्या.

काल रात्री यंत्र गप्प झालं.
अकरा महिन्यांनी पडद्यावर एक ओळ:
सोळा अक्षरांची बाकी.
तिनं चष्मा पुसून पाहिली.
शून्य नाही.

म्हणजे चार कोटी आकड्यांची ती रांग
कुठेतरी दुभंगते, हे नक्की.
कशानं दुभंगते,
हे या रीतीनं कळत नाही,
आणि बटाटे पुरणार नाहीत.
तैस्तोबद्दल डॉक्टरही साधारण
एवढंच सांगू शकले होते.

शेजारचा ऑल्व्ही म्हणाला, बंद करून टाक आता,
विजेचं बिल बघ.
खरंच होतं त्याचं.
खोली थंड व्हायला लागली होती, काचेवर
आतल्या बाजूनं बर्फाची नक्षी.

तिनं यादीतला पुढचा आकडा दिला.
चार, म्हणालं यंत्र. चौदा. एकशेचौऱ्याण्णव.
एवढं तिला तोंडपाठ होतं,
पुढचं त्याचं त्यानं बघावं.

मोजे ओले होते,
दुसरं काही कारण नव्हतं.