भांगाचे दिवस

अष्टमीचा भांग.
पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.
मुसाकाजीच्या धक्क्याखालची पुळण,
जिथे काडू राहतात,
तीन दिवस उघडी पडलेली नाही.

अमावास्येला बरं असतं.
ओहोटी पार खडपापलीकडे जाते
आणि ओल्या वाळूवर दिसतात शेवयांच्या बारीक गाठी,
कुणी पाटावर वळून विसरल्यासारख्या.
गाठीवर कुदळ मारायची नाही.
वीतभर बाजूला, तिरकी.
मग हाताने.
अब्बास सोलकर म्हणायचा,
काडू ओढू नको, त्याला यायला लाव.
तुटला की रक्त सांडतं,
आणि रक्त इथेच सांडलं
तर पाण्यात मुडदुशीला काय दाखवशील?

मी हायस्कुलात प्रयोगशाळेचा मदतनीस.
एकवीस वर्षं बरण्या पुसतोय:
बेडूक, समुद्रघोडा, विंचू.
एक काडूही आहे, फॉर्मॅलिनमध्ये, पांढराफटक,
चिठ्ठीवरची शाई उडालेली.
एकदा म्हटलं, अब्बास, थोडं फॉर्मॅलिन आणू?
वर्षभर टिकतील.
तो इतका हसला की विडी पाण्यात पडली.
"मुडदुशी काय दहावीला बसलीय?"

त्याचं आपलं मीठ. आगरातलं, जाडं, करडं.
काडू गोणपाटावर पसरायचे,
मीठ चोळायचं नाही, पेरायचं.
पाणी सुटेल ते ओतायचं, पुन्हा पेरायचं.
सकाळपर्यंत आखडून समईच्या वातीएवढे होतात.
मग पेपरात गुंडाळून हॉर्लिक्सच्या बाटलीत.
"हे भांगासाठी," तो म्हणायचा, जरा ओशाळून,
पाहुण्याच्या पानात कालची भाकरी वाढताना
म्हणतात तसं.

ताजा काडू गळावर थोडा वेळ जगतो.
हलतो.
ते हलणं तंगुसातून बोटाला कळतं.
मला ते कधी आवडलं नाही,
हे मी अब्बासला सांगितलेलं नाही.
कुर्ल्या त्याला कुरतडतात,
शेंगाळ्याची पोरं लुचून नेतात,
वर येतो तो नुसता गळ, धुतल्यासारखा.
खारवलेला चिवट. चामड्याची नाडी.
बसून राहतो.
वास मात्र बोटांना दोन दिवस,
घरी ताट माझ्याकडे सरकवलं जातं,
हातात मिळत नाही.

मार्चात अब्बासला पनवेलला नेलं, लेकीकडे.
आठवड्यातून दोनदा मशीन.
रिक्षात बसल्यावर त्याने बाटली बाहेर काढून दिली.
"झाकण घट्ट लाव."
एवढंच.

आज त्यातले शेवटचे दोन.
कागद मिठाने कडक झालेला,
त्यावर कसल्याशा निविदेची अर्धी नोटीस,
तारीख गेल्या दिवाळीतली.
एक लावला.
पाण्यात तो हळूहळू फुगला असेल,
बोटाला काहीच कळलं नाही.
मचव्यावरची पोरं जाळी आवरून गेली.
दिव्याच्या खांबाची सावली माझ्या पाठीवरून उतरली.
मग दोन टिचक्या,
आणि तंगूस सरळ.

मुडदुशी. दीड वीत.
वाळूच्याच रंगाची, पोटाला चांदी.

फोन लावला. हल्ली तो पहिल्या रिंगला उचलतो.
मागे कसलीशी बारीक शिटी, बाईचा आवाज.
"लागली."
"कोण?"
"मुडदुशी."
"ताजा, की माझा?"
"तुझा."
"खोटं. मिठाला शेंगाळा लागतो. मुडदुशी नाय.
मला शिकवतोस?"

मी काही बोललो नाही.
फोन बादलीवर धरला.
ती शेपटी आपटत होती, पत्र्यावर,
थांबत होती, पुन्हा आपटत होती.

पलीकडून बराच वेळ काही नाही.
शिटीसुद्धा नाही.
मग, "मीठ आगरातलंच होतं ना ते?"
असं, जणू मीच घातलं होतं.

बाटलीत एक उरलाय.
झाकण घट्ट लावलं.