पाळकबाई आल्या नाहीत

फेरी आज सुटणार नाही, हे रेडिओच्या आधी
माझ्या गुडघ्यानं सांगितलं.
हॅगडाऊन कोव्हमध्ये धुकं असं,
की धक्क्यावर उभं राहून
स्वतःच्या बोटीचं नाव वाचता येईना.
म्हणजे पाळकबाई नाहीत. म्हणजे प्रभुभोजन नाही,
पुन्हा महिनाभर.

तरी मी दोर ओढला.
बाप उंच होता. त्याची गाठ माझ्या डोक्याच्या वर राहिली,
मी माझी खाली मारली. घंटा तीच.

एफी कीपिंग सहालाच शेगडी पेटवून बसलेली.
वय ब्याऐंशी. लाकडं स्वतः फोडते.
मदत करू का, असं विचारलं तर
कुऱ्हाड खाली न ठेवता आपल्याकडे बघते.

सात जण आलो.
त्यात लुझविमिंदा, मासळीच्या कारखान्यातली, मनिलाकडची.
तिचं रोमन देऊळ बोटीनं तीन तासांवर,
म्हणून आमच्याकडे येते
आणि आम्ही बसतो तिथे गुडघे टेकते.
पहिल्या महिन्यात आम्ही वळून बघायचो.
आता ती उठेपर्यंत हेडली पान उलटत नाही.

क्लेमंट पिंकला मी मोजत नाही. तो दाराबाहेर थांबतो.
समुद्रानं त्याचा पोरगा परत दिला नाही
तेव्हापासून देवाशी बोलणं बंद.
पण छत गळलं की शिडी त्याची, डांबर त्याच्या पैशाचं.
बाई एकदा म्हणाल्या, भांडतोय ना, मग ठीक आहे.

उपासना हेडली स्नूकनं चालवली.
शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण कॉडच्या जाळ्यात.
बिशपांच्या सहीचा परवाना
त्याच्या बायकोनं चौकटीत घालून फ्रिजच्या वर टांगलाय.
नबुखद्नेस्सरपाशी तो दरवेळी अडतो,
खाकरतो, ‘तो राजा’ म्हणतो आणि पुढे जातो.
कुठला ते आम्हाला कळतं.

सूचना चालल्या होत्या.
मंगळवारी वाटाण्याचं सूप, तेलाच्या फंडात
एकशे बारा डॉलर कमी,
आणि कुणाची तरी छत्री.
तेवढ्यात क्लेमंटचं डोकं दारातून आत.
‘इंजिन ऐकू येतंय. खडकाच्या बाजूला.’

मी उठलो. हेडलीनं विचारलं नाही.
घंटा वाजवायला लागलो, रविवारसारखी नाही,
एक ठोका, दम, एक ठोका,
ऐकणाऱ्याला मधली शांतता मोजता यावी अशी.
मागे हेडली पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला,
सूचनासकट, मला वाटतं. दुसरं काय करणार होता!
पंधरा मिनिटं. वीस.
मग खांदा गेला. हात वर जाईना.

कुणीतरी माझ्या डोक्यावरून दोर धरला.
बापाच्या गाठीपाशी. क्लेमंट उंच आहे.
त्याचे बूट ओले, देवळाच्या लाकडावर पाणी,
आणि तो ओढत होता
जणू पलीकडच्या टोकाला वजन आहे.

डर्नफर्डची दोन पोरं होती.
शेजारच्या खाडीतली, देवळाकडे कधी न फिरकलेली.
ओठ निळे, हसत होती, म्हणाली,
आम्हाला वाटलं आवाज डावीकडून येतोय.
एफीनं दोघांना शेगडीपुढे बसवलं,
वेदीवरचा नसलेला कापड (हे मी मुद्दाम सांगतो)
त्यांच्या खांद्यावर टाकला, आणि चहात साखर
विचारल्याशिवाय तीन चमचे.
लुझविमिंदानं त्यांचे मोजे पिळले.

हेडली नोंदवहीत लिहायला बसला.
हजर: सात. खोडलं. दहा.
प्रभुभोजन घेणारे या रकान्यात
त्यानं बराच वेळ पेन धरलं
आणि आडवी रेघ मारली. नियम आहे.

क्लेमंट अजून दोराखाली उभा,
तळहात उलटून बघत होता.
मला म्हणाला, ‘कुजलाय हा.
बुधवारी नवीन आणतो.’
मी म्हटलं, गाठ मात्र
तुझ्या उंचीला मार.