टेकू

मचाणाला चौदा पायऱ्या. तेरावी सैल.
अंधारातही पाय तिला ओळखतो.
आधी मी वर, मग दोरीने रायफल, रिकामी.
पट्टा कमरेला आणि मेपलच्या खोडाला.
मग कठड्यावर मोजा.

राखाडी लोकरीचा, टाचेला रफू केलेला,
आत सुके वाटाणे, तोंड सुतळीने आवळलेलं.
बापाच्या उजव्या पायातला. डावा कुठे गेला कुणास ठाऊक.
एका उन्हाळ्यात वरच विसरला, तर पाऊस पिऊन
लोकरीतून हिरवे कोंब काढून बसला.
ताउनो लाहती, जन्म गेला करवत-गिरणीत,
चारचौघांत हसणं कधी जमलं नाही.
त्या दिवशी शिडीवर बसून हसला:
"बघ, या जमिनीत एकदाचं काही उगवलं."

शिकवलं ते एवढंच.
नळी टेकवायची नाही, लाकूड टेकवायचं.
नळी टेकली की गोळी उसळते.
लोखंडावर लोखंड वाजलं
तर देवदारांपलीकडचा कान वळतो,
म्हणून मोजा.
दाबून खळगा करायचा, दस्ता खांद्यात घ्यायचा,
श्वासाचा तळ लागेपर्यंत थांबायचं.

मी सोळाची. माझे हात दगडासारखे.
टेकू म्हाताऱ्यांना, असं म्हणाले मी,
मेल्विन स्क्रोकच्या देखत, मोठ्याने.
मेल्विनने बापाकडे पाहिलं.
बाप सुतळीची गाठ सोडून
पुन्हा बांधत राहिला.

मेल्विन बोलला ते बापाला पुरल्यावर,
चर्चच्या तळघरात, कॉफीच्या तिसऱ्या कपाला.
माझ्या जन्माआधीचा नोव्हेंबर.
हात दगडासारखे, तेव्हा त्याचेही.
उभ्याने, हातावर तोलून झाडलेली एक गोळी.
हरणाचा जबडा गेला. हरीण गेलं नाही.
तीन दिवस तो दलदलीत फिरला,
रक्त संपलं तिथून खुरांमागे,
खूर बुजले तिथून अंदाजाने,
गिरणीतली हजेरी बुडवून.
चौथ्या दिवशी बर्फाने सगळं झाकलं.
पाचव्या दिवशी त्याने कठडा ठोकला.
"जबडा नसलेलं हरीण," मेल्विन म्हणाला,
"किती दिवस जगतं ते त्याला माहीत होतं."
मग त्याने बशीतला केक
काट्याने नुसताच चिवडला.

आता माझे हात एकसष्ट वर्षांचे.
थंडीने थरथरतात, असं म्हणायची सोय आहे
नोव्हेंबरात.

साडेसातला नर आला, चुकीच्या बाजूने.
डावीकडून, माझ्या पाठीशी,
आठ टोकांची शिंगं, तीस पावलं फार तर.
वळले असते, उचलली असती, हातावर तोलली असती.
लागलीही असती.
मान न वळवता मी त्याचं चालणं ऐकलं:
पान, पान, थांबणं,
फांदीवर शिंग घासल्याचा आवाज,
पुन्हा पान, मग फक्त सरोवराकडचा वारा.
समोर कठड्यावर मोजा,
आणि मी त्याच्यावर चिडलेली,
जशी चिडायचे बापावर,
तो काही न बोलता बरोबर असायचा तेव्हा.

चारच्या सुमाराला मादी आली, समोरून,
अंगाने भरलेली, एकटी, थबकत थबकत.
लाकूड टेकलं. वाटाणे कुरकुरले, स्थिरावले.
काचेतला काटा नाडीबरोबर हलत होता,
मग हलायचा थांबला.
ती उभी होती तिथेच बसली.

बोटं सुन्न, दम नाही उतरायचा.
अर्धा तास वरच बसले, नियम आहे तसा,
तिच्याकडे आणि मोज्याकडे बघत.
रायफल उचलली होती,
पण मोज्यात तिचा खळगा तसाच होता,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या उशीसारखा.

उतरताना मोजा कोटाच्या खिशात घातला.
वर ठेवला की उंदीर लागतात.
तेराव्या पायरीला खिळा हवा,
हे यंदाही लक्षात आलं,
उतरल्यावर.