अठरा तास

पोत्यावर मार्करने लिहिलंय : तळं क्र. ३, नैर्ऋत्य कोपरा.
आत राख. पिठाहून मऊ,
चिमटीत धरली की बोटांच्या रेषा भरून काढणारी.
धात्रक म्हणतो, मॅडम, ही आपल्या चुलीचीच लांबची बहीण.
चुलीच्या राखेने भांडी घासता येतात, मी म्हणते.
हिला आधी विचारावं लागतं.

विचारायची पद्धत अशी :
शंभर ग्रॅम राख, दोन लिटर पाणी, थोडं आम्ल,
म्हणजे पुढे पंचवीस-तीस वर्षांनी
जमिनीच्या पोटात जे आंबट पाणी झिरपेल त्याची नक्कल.
झाकण घट्ट. बाटली चाकाला बांधायची
आणि अठरा तास, मिनिटाला तीस गिरक्या.
अंबडच्या या शेडमध्ये रात्रभर
बारा बाटल्या कोलांट्या घेतात.
वॉचमन पेखळे सांगतो, त्या आवाजात झोप छान लागते,
पाळणा कुणी हलवत असल्यासारखी.

खाण गोदेच्या पलीकडच्या अंगाला.
दगड काढून झाला, खड्डा उरला,
आणि रिकामा खड्डा बघवत नाही कुणाला.
कागदावर शब्द आहे ‘भराव’.
भरावावर मातीचा थर, मातीवर बाभळी.
कॉलेजात शिकले होते, काळा पाषाण पाणी पीत नाही.
खरंय. पीत नाही.
भेगाभेगांतून वाटून देतो.

दोनशे पावलांवर ठकूबाई टिळेंची विहीर.
नमुना घ्यायला गेले तर त्यांनी तांब्या पुढे केला :
‘पिऊन बघा, मग भरा बाटलीत.’
प्यायले. गोड होतं.
आमच्या तक्त्यात गोड असा रकाना नाही.

भाऊंच्या अस्थी रामकुंडात सोडल्या तेव्हा
मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते.
गुरुजी म्हणाले, इथं हाडं विरघळतात, मागं काही उरत नाही.
पाण्याचा सामू किती, मी विचारलं नाही.
विरघळणं म्हणजे सुटणं, असं तेव्हा वाटलं,
आणि पायरीवर बसून ओल्या परकराने मी रडले.
आता दिवसभर तोच शब्द लिहिते, वेगळ्या अर्थाने.
काय सुटलं, किती सुटलं,
प्रति लिटर.

सकाळी गाळून घेतलं. नितळ.
इतकं नितळ की धात्रक जरा खट्टू झाला.
शिसं : आढळलं नाही.
क्रोमियम : मर्यादेत.
आर्सेनिक : मर्यादेत.
बोरॉन भरपूर,
पण या यादीत बोरॉनला मर्यादाच नाही.
न विचारलेल्याचं उत्तर कुठं लिहायचं?
‘शेरा’च्या चौकटीत दोन ओळी मावतात.

मग मी तीच राख पुन्हा तोलली.
आम्ल घातलं नाही.
राखेतलं काही काही आंबटाला भीक घालत नाही,
साध्या पाण्यापाशी मात्र मन मोकळं करतं.
ठकूबाईंच्या विहिरीचं उरलेलं पाणी ओतलं,
काठोकाठ.
ही चाचणी कुणी मागितलेली नाही,
बिलात धरता येणार नाही.
धात्रकने न सांगता चाकाचा पट्टा आवळला.

साडेसहाला फोन. ट्रक उभे आहेत, पास आहे ना मॅडम?
आंबट पाण्यात पास आहे.
म्हणजे पास.
विहिरीचं पाणी अजून बोलतंय तिच्याशी.
काय?
अठरा तास, मी म्हटलं,
आणि पलीकडून कुणीतरी कुणाला तरी
इंजिनं बंद करा रे, असं ओरडलेलं ऐकू आलं.

पेखळे सतरंजी अंथरतोय.
बाटली उलटी होते, सुलटी होते.